स्थलांतरित मजूर वस्त्यांसाठी आरोग्य कार्यकर्त्या: निवड, प्रशिक्षण आणि नेमणूक

दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची कामे सुरू झाली की सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतले अनेक पाडे ओस पडू लागतात. बागेच्या कडेला पत्र्याचे किंवा प्लास्टिकच्या कागदाचे आडोसे उभे राहतात. त्यांत सातव्या महिन्यातली बाई असते, वजन न वाढणारे दीड वर्षाचे मूल असते आणि क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडलेला माणूसही असतो. गावाकडच्या आशाताईंच्या वहीत त्या बाईचे नाव असते, पण बाई तिथे नसते. बागेच्या गावातल्या आशाताईंच्या हद्दीत बाई असते, पण त्यांच्या वहीत तिचे नाव नसते.

अशा वस्त्यांसाठी स्वतःच्या आरोग्य कार्यकर्त्या नेमू पाहणाऱ्या स्वयंसेवी संस्था, बागायतदारांचे गट आणि सामाजिक निधी देणाऱ्या कंपन्या यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. नाशिक जिल्ह्यात हे काम करताना आमच्या ज्या चुका झाल्या, त्याही सांगितल्या आहेत, कारण त्यांची किंमत आमच्यापेक्षा कार्यकर्त्यांनी जास्त मोजली. प्रशिक्षणाबद्दल सगळेच उत्साहाने बोलतात, परंतु कार्यकर्ती टिकते ती ठरल्या तारखेला मिळणाऱ्या पगारावर, भरलेल्या पिशवीवर आणि ठरल्या दिवशी तिच्याकडे पोहोचणाऱ्या पर्यवेक्षिकेवर, असा माझा ठाम अनुभव आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि फारसे न शिकलेल्या गावातल्या बायकांनाच आरोग्याचे काम शिकवले; त्या बायका नेमणुकीनंतरही दर आठवड्याला जामखेडला शिकायला येत राहिल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार लोकवस्तीमागे एक याप्रमाणे ‘आशा’ आल्या. जामखेड आणि गडचिरोली या दोन्ही ठिकाणी शिकवणे आणि देखरेख कधीच थांबली नाही, ही बाब नव्याने काम सुरू करणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते.

आधी वस्ती ओळखा

पहिले दोन महिने कोणाचीही नेमणूक करू नये. या काळात वस्त्या मोजाव्यात आणि वर्षाचे कॅलेंडर तयार करावे. ऑक्टोबर छाटणी, त्यानंतरची डिपिंग (घड संजीवकात बुडवणे) आणि विरळणी, जानेवारी ते एप्रिलची काढणी, एप्रिलमधली खरड छाटणी आणि पावसाळ्यात भात-नागलीच्या लावणीसाठी गावाकडे परतणे, हा क्रम नीट कळला तरच कार्यकर्तीने कोणत्या महिन्यात कुठे असायचे ते ठरवता येते. नाशिक शहरात पेठ नाक्यासारख्या मजूर अड्ड्यांवर रोज बदलणारी माणसे असतात, मालेगावच्या यंत्रमाग वस्त्यांत लोक स्थिर असतात पण भाषा उर्दू असते, आणि वीटभट्ट्यांवर मुकादमाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. या चारही ठिकाणचे काम वेगवेगळे आहे. सुरुवातीला त्यांतले एकच निवडावे.

याच काळात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि विशेषतः त्या भागातल्या आशाताई व अंगणवाडी सेविकांना भेटावे. भेट लेखी पत्रासह असावी. आपण त्यांच्या कामावर हक्क सांगायला आलो आहोत, असे एकदा त्यांच्या मनात बसले की पुढची दोन वर्षे प्रत्येक लाभार्थी कोणाच्या खात्यात मोजायचा यावरून कुरबूर सुरू राहते. आशांना कामागणिक मोबदला मिळतो, त्यामुळे आपल्या कार्यकर्तीने आणलेल्या गरोदर बाईची नोंद आणि तिचा मोबदला आशाताईंच्याच नावावर राहील, हे पहिल्याच बैठकीत जाहीर करावे. आम्ही हे सहा महिने उशिरा जाहीर केले आणि त्या सहा महिन्यांचा अबोला फेडायला वर्ष लागले.

काम किती आणि कोणते

कार्यकर्तीच्या कामाचे वर्णन एका पानावर मावले पाहिजे. आमच्या पानावर पाच कामे आहेत: गरोदर बाई शोधून तिची तपासणी होते का ते पाहणे, बाळंतपणानंतरच्या गृहभेटी, पाच वर्षांखालील मुलांची वाढ मोजणे, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या माणसाला थुंकी तपासणीला नेणे आणि जुलाब-तापात पहिली मदत करून योग्य ठिकाणी पाठवणे. दर वर्षी कोणीतरी सहावे काम सुचवते, कधी सर्वेक्षण, कधी वृक्षारोपण, कधी देणगीदारांच्या भेटीची तयारी. त्याला नकार देणे हे संस्थाप्रमुखाचे काम आहे, कारण कार्यकर्ती स्वतः नकार देऊ शकत नाही.

कार्यकर्तीने काय करायचे नाही, हेही त्याच पानावर ठळक लिहावे. इंजेक्शन नाही, सलाइन नाही, स्वतःच्या मनाने प्रतिजैविक नाही. वस्तीत ‘सुई’ची मागणी सतत होते आणि न देणारी कार्यकर्ती काही दिवस बिनकामाची ठरते, त्या दिवसांत तिच्या पाठीशी उभे राहावे लागते.

एका कार्यकर्तीकडे किती कुटुंबे द्यायची, हा साधा हिशेब आहे. महिन्याला २२ कामाचे दिवस धरले आणि दिवसाला सहा चांगल्या भेटी धरल्या तर १३२ भेटी होतात. त्यांतल्या ३० ते ४० भेटी बाळंतीण, नवजात बाळ किंवा आजारी मूल यांच्या वारंवार भेटींत जातात, म्हणजे महिन्यातून एकदा भेटायची कुटुंबे शंभरच्या आसपास उरतात. विखुरलेल्या पाड्यांवर हा आकडा ६० पर्यंत खाली येतो. कागदावर तीनशे कुटुंबे दिली की वही घरी बसून भरली जाते, आणि तो दोष कार्यकर्तीचा नसतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला वस्तीत गेल्यावरच कळली. सकाळी सात-आठला पिकअप गाडी येते आणि वस्ती रिकामी होते. माणसे परततात ती संध्याकाळी सहानंतर. सकाळी दहा ते पाच अशी कामाची वेळ ठेवली तर कार्यकर्तीला फक्त म्हाताऱ्या बायका आणि धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या आठ वर्षांच्या मुली भेटतात. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी सहा ते साडेआठ अशी वेळ ठेवावी, त्या दिवशी दुपारची सुट्टी द्यावी, दोघींना जोडीने पाठवावे आणि परतीच्या गाडीची सोय संस्थेने करावी.

निवड

निवड वस्तीने करावी आणि संस्थेने तपासावी. बायकांची बैठक संध्याकाळी, वस्तीतच घ्यावी आणि त्यांना ‘कार्यकर्ती कोण होणार’ असे न विचारता ‘रात्री मूल तापले तर तुम्ही कोणाच्या दाराशी जाता’ असे विचारावे. तीन-चार बैठकांत तीच दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा येतात. सरपंचांच्या सुनेचे किंवा मुकादमाच्या बहिणीचे नाव पुढे आले तर ते नाकारायचे कारण नाही, परंतु तेही याच चाळणीतून जावे.

शिक्षणाची अट आठवीपर्यंतची ठेवावी, मात्र ती मोडायची तयारी ठेवावी. ज्या वस्तीत कोकणा किंवा वारली बोली बोलली जाते तिथे ती बोली येणारी सहावी पास बाई, नाशिकहून येणाऱ्या पदवीधर मुलीपेक्षा पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. बागलाण-मालेगावच्या खेड्यांत हेच अहिराणीला लागू आहे. दशांश अपूर्णांक आठवड्याभरात शिकवता येतात. बोली आणि विश्वास शिकवता येत नाही.

कार्यकर्ती शक्यतो त्याच स्थलांतर करणाऱ्या समाजातली असावी आणि हंगामाबरोबर गाव व बाग असा प्रवास करणारी असावी. निवड पक्की करण्यापूर्वी तिच्या घरी जाऊन सासू आणि नवरा यांच्यासमोर कामाच्या वेळा, रात्रीचे फोन आणि प्रवास स्पष्टपणे सांगावेत. त्यानंतर दोन आठवडे पगारी चाचणीचे असावेत. या काळात काही जणी स्वतःहून मागे फिरतात, ते दोघांच्याही सोयीचे असते.

पगार

१९७७ च्या केंद्र सरकारच्या जनस्वास्थ्य रक्षक योजनेत महिन्याला ५० रुपये मानधन होते. तेव्हापासून आजतागायत आरोग्य कार्यकर्तीला ‘स्वयंसेविका’ म्हणण्याची आणि तिच्या मोबदल्याला ‘मानधन’ म्हणण्याची सवय लागली आहे. महाराष्ट्रातल्या आशांना २०२३ मध्ये संपावर जावे लागले ते याच प्रश्नावर. छोट्या संस्थांनी ही सवय उचलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रोज ठरल्या वेळी, ठरलेले काम, कोणाच्या तरी देखरेखीखाली करणारी बाई कर्मचारी आहे.

पगार ठरवताना दोन आकडे समोर ठेवावेत: राज्य शासनाने जाहीर केलेले किमान वेतन आणि त्या हंगामात बागेत बाईला मिळणारी रोजची मजुरी. दुसरा आकडा काढणीच्या दिवसांत बराच वाढतो. आपला पगार त्याच्या खाली गेला तर सर्वांत हुशार कार्यकर्ती फेब्रुवारीत बागेत जाते, आणि तिने तसे करणे शहाणपणाचेच असते. कामागणिक पैसे देण्याऐवजी ठरलेला मासिक पगार द्यावा. पैसे बाळंतपणाच्या संख्येवर मिळू लागले की आजारी म्हाताऱ्याकडे जायला कोणाला वेळ राहत नाही.

नेमणूकपत्र मराठीत, दोन पानांत द्यावे आणि वाचून दाखवावे. त्यात पगाराची तारीख, प्रवासखर्च, साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा आणि प्रसूती रजा लिहिलेली असावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर राज्य कर्मचारी विम्याची आणि वीस किंवा अधिक असतील तर भविष्य निर्वाह निधीची नोंदणी करावी लागते. संख्या कमी असल्यास निदान अपघात विमा तरी काढावा. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती आवश्यक असते, आणि त्याहून लहान संस्थेतल्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी द्यावी. संध्याकाळी अनोळखी वस्तीत जाणाऱ्या बाईसाठी तो औपचारिकतेचा भाग नसतो.

पगाराची रक्कम किमान तीन महिन्यांसाठी बाजूला असल्याशिवाय नेमणूक करू नये. एका निधी देणाऱ्या कंपनीचा हप्ता लांबला तेव्हा आम्ही सलग दोन महिने कार्यकर्त्यांना थांबायला सांगितले. नऊ जणींपैकी तिघी काम सोडून गेल्या. त्यांतली एक नवजात बाळाच्या तपासणीत सर्वांत तरबेज होती, आणि तिच्या जागी आलेल्या बाईला तिथवर पोहोचायला दीड वर्ष लागले.

प्रशिक्षण

सलग महिनाभर वर्गात बसवू नये. पाच दिवस वर्ग आणि दहा दिवस वस्तीत काम, अशा चार फेऱ्या ठेवल्या तर दोन महिन्यांत पाया तयार होतो. प्रत्येक फेरी मागच्या फेरीतल्या अडचणींपासून सुरू करावी. प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार, जेवण आणि तान्ह्या मुलाला सांभाळण्याची सोय संस्थेने द्यावी. पाळण्याची दोरी बांधायला जागा नसलेल्या सभागृहात निम्म्या बायकांचे लक्ष दारात असते.

पहिली फेरी जुलाब आणि क्षारसंजीवनीवर (ओआरएस) घ्यावी, कारण तिथे पहिले यश लवकर मिळते. हरसूलजवळच्या एका समाजमंदिरात आम्ही आठ जणींना घरातला रोजचा पाण्याचा तांब्या आणायला सांगितला होता. मध्यभागी एक लिटरचे मोजपात्र ठेवले आणि प्रत्येकीने आपला तांब्या त्यात ओतला. एकीचा पाऊण लिटरला थांबला, एकीचा लिटरच्या वर गेला, दोघींचे जेमतेम अर्ध्यापाशी पोहोचले. आठांपैकी एकाचाही बरोबर लिटर भरला नाही. ‘म्हणजे आम्ही एवढी वर्षं खारटच पाजत होतो का?’ असे एकीने विचारले आणि क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग प्रत्येकीने आपल्या तांब्यावर खिळ्याने अर्ध्या लिटरची खूण केली, ज्याचा अर्धा लिटर भरत नव्हता त्यासाठी दुसरे भांडे ठरवले, आणि दोन खुणांना एक लिटर पाण्याचे एक मोठे पाकीट हा हिशेब पाठ झाला. दुकानात २०० मिलिलिटर पाण्याची छोटी पाकिटेही मिळतात; ती दोन्ही पाकिटे हातात देऊन फरक दाखवावा. सोबत जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, सहा महिन्यांखालील बाळाला १० मिलिग्रॅम आणि त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी गोळ्या का थांबवायच्या नाहीत, हे आईला समजावण्याचा सराव वेगळा घ्यावा लागतो.

दुसऱ्या फेरीत श्वास मोजणे येते. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास, हे न्यूमोनियाचे संशयचिन्ह आहे. आकडे पाठ करणे सोपे आहे, मोजणे अवघड. मूल शांत असताना, दूध पीत नसताना, पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहून मोजावे लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय लागू देऊ नये. दोघींनी एकाच बाळाचे श्वास एकाच वेळी, एकमेकींना न सांगता मोजावेत आणि आकडे जुळेपर्यंत ते पुन्हा करावे. छाती आत ओढली जाणे, दूध सोडणे, झटके येणे किंवा मूल सुस्त पडणे यांपैकी काहीही दिसले तर मोजत बसायचे नाही, १०८ ला फोन करायचा.

वजनाच्या बाबतीत आमचीच एक फजिती सांगतो. झोळी अडकवल्यावर काटा शून्यावर आणायचा असतो, हे आम्ही सांगितले होते पण करून घेतले नव्हते. पहिल्या आठवड्यात एका वस्तीतली सगळी मुले गुटगुटीत निघाली. पर्यवेक्षिकेने रिकामी झोळी टांगली तेव्हा काट्याने तीनशे ग्रॅम दाखवले. त्यामुळे आता प्रत्येक वजनाआधी ‘रिकामी झोळी, शून्य’ असे मोठ्याने म्हणायचा नियम आहे. वजनासोबत दंडाचा घेर मोजायला शिकवावे: सहा महिने ते पाच वर्षे या वयात ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण, आणि ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम. स्थलांतरित वस्तीत मुलाचे वय नक्की माहीत नसते, तिथे ही पट्टी वजनाच्या तक्त्यापेक्षा विश्वासार्ह ठरते.

बाळंतपणानंतरच्या भेटी शासकीय वेळापत्रकाप्रमाणेच ठेवाव्यात. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी; घरी झाले तर त्याशिवाय पहिल्या दिवशीही.

बोलण्याचे प्रशिक्षण शेवटच्या फेरीपर्यंत पुरवावे. तपासणीला न जाणाऱ्या बाईला महत्त्व माहीत नसते असे समजून भाषण करणारी कार्यकर्ती दारातूनच परत येते. बहुतेक वेळा अडचण एका दिवसाच्या मजुरीची, मुकादमाच्या बोलण्याची किंवा धाकट्या मुलाला कोणाकडे ठेवायचे याची असते. ती विचारून घ्यायला आणि मुकादमाशी शांतपणे बोलायला शिकवावे. भगताकडे जाणाऱ्या कुटुंबाशी वाद घालू नये. ‘तिकडेही जा, पण आधी दवाखान्यात, मी सोबत येते’ असे म्हटले तर काम होते. एखाद्याचा क्षयरोग किंवा एखादीचा गर्भपात शेजारच्या आडोशात कळता कामा नये, हे नाटुकले करूनच शिकवावे, कारण या वस्त्यांना भिंती नसतात.

पाठवणे म्हणजे पोहोचवणे

चिठ्ठी देऊन पाठवलेला रुग्ण पोहोचतोच असे नाही. ग्रामीण रुग्णालयात केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या वारी सोनोग्राफी असते, सिव्हिलला कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, हे कार्यकर्तीने स्वतः पाहिलेले असावे. म्हणून प्रशिक्षणात दोन दिवस या इमारतींत फिरण्यासाठीच ठेवावेत. पहिल्या खेपेला तिने सोबत जावे आणि त्या दिवसाची तिची इतर कामे माफ असावीत.

वस्ती हलते तेव्हा कागद सोबत हलले पाहिजेत. माता व बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावे, त्यावर गावाकडच्या आणि बागेकडच्या अशा दोन्ही आशाताईंचे फोन नंबर लिहावेत. क्षयरोगाच्या रुग्णाची नोंद निक्षय या शासकीय ऑनलाइन नोंद प्रणालीवर दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येते; कुटुंब निघण्यापूर्वी ते करून घेतले की गोळ्यांत खंड पडत नाही आणि पोषणासाठी मिळणारी रक्कमही सुरू राहते. निघण्याचा दिवस आदल्या संध्याकाळी कळतो, म्हणून कार्यकर्तीला तो सांगणारी एक तरी बाई प्रत्येक वस्तीत हवी.

पर्यवेक्षण

आठ ते दहा कार्यकर्त्यांमागे एक पर्यवेक्षिका असावी, ती शक्यतो अनुभवी परिचारिका असावी, आणि तिच्या दुचाकीचे पेट्रोल अंदाजपत्रकात वेगळे लिहिलेले असावे. ती प्रत्येकीला पंधरवड्यातून एकदा वस्तीत भेटेल, कार्यालयात नाही. भेटीत वही शेवटी पाहावी. आधी कार्यकर्तीसोबत दोन घरे करावीत, एका बाळाचे श्वास दोघींनी मोजावेत, आणि कार्यकर्ती नसताना एका आईला ‘ताईंनी मागच्या वेळी काय सांगितले’ असे विचारावे. त्यानंतर पिशवी उघडावी. क्षारसंजीवनी, जस्त, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, दंडाची पट्टी, गरोदरपणाची चाचणी यांपैकी काही संपले असेल तर ते पर्यवेक्षिकेने आपल्या डिकीतून तिथेच भरून द्यावे. रिकाम्या पिशवीने गेलेल्या कार्यकर्तीला तिसऱ्या खेपेला कोणी पाणीही विचारत नाही.

महिन्यातून एक दिवस सगळ्यांनी एकत्र यावे. त्यात दोन तास नव्या विषयासाठी आणि बाकीचा वेळ त्या महिन्यातल्या अवघड घरांसाठी द्यावा. एखादे बाळ दगावले असेल तर ती कार्यकर्ती त्या दिवशी बोलेलच असे नाही; पर्यवेक्षिकेने त्याच आठवड्यात तिच्या घरी जाऊन बसावे.

नोंदींसाठी एक वही पुरते. मोबाइल ॲप वापरायचे असेल तर वहीतले रकाने कमी करावेत, दोन्हीकडे तेच लिहायला लावू नये, आणि कुटुंबाच्या संमतीशिवाय फोटो काढू नयेत. देणगीदाराला अहवालासाठी कुपोषित मुलाचा चेहरा हवा असतो; तो देऊ नये.

निधी संपताना

हे प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात आणि त्याचा शेवट नेमणूकपत्रातच लिहिलेला असावा. संपण्याच्या किमान तीन महिने आधी कार्यकर्त्यांना सांगावे, पगाराची सर्व बाकी चुकती करावी, कामाचा तपशील असलेले अनुभवपत्र द्यावे आणि आशा, अंगणवाडी मदतनीस किंवा रुग्णालयातल्या जागांची जाहिरात निघाली की अर्ज भरायला मदत करावी. चालू गरोदर बायका, औषधावर असलेले रुग्ण आणि कमी वजनाची मुले यांची यादी आशाताईंच्या हातात, कार्यकर्तीसमोर द्यावी. काटा, घड्याळ, थर्मामीटर आणि पिशवी मात्र परत मागू नये. पुढच्या छाटणीला ती बाई मजूर म्हणून त्याच वस्तीत असते, आणि रात्री मूल तापले की लोक अजूनही तिच्याच आडोशापाशी येतात.